रोजा तेरा तासांचा, हिशेब अकरा तासांचा

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास गंगाधाम चौकात वाहनांची रांग लागलेली असते. रमजानच्या महिन्यात त्या रांगेत एक दृश्य हमखास दिसते. रिक्षाच्या हँडलला अडकवलेल्या पिशवीत तीन-चार खजूर आणि पाण्याची बाटली. अजानची वेळ झाली की चालक रिक्षा कडेला घेतो, मनातल्या मनात दुआ म्हणतो, खजूर तोंडात टाकतो, दोन घोट पाणी पितो आणि सिग्नल सुटला की पुढे निघतो. बिबवेवाडीकरांना यात नवल वाटत नाही. याच भागातल्या सोसायट्यांत जैन कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्यातले चौविहार पाळणारे सूर्य मावळायच्या आत जेवून घेतात. त्यामुळे एकाच मजल्यावर एका घरात ताटे आवरली जात असतात, तेव्हा समोरच्या घरात दस्तरखान अंथरला जात असतो. सूर्य एकच. त्याच्याकडे बघून पोटाला वेळ लावून घेणारी माणसे मात्र दोन्ही दारांआड आहेत.

फेब्रुवारी-मार्चमध्ये येणाऱ्या रमजानात पुण्यातला रोजा साधारण तेरा तासांचा असतो. पहाटे सहरी संपल्यापासून सूर्यास्तापर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही, तंबाखू नाही, सिगारेट नाही. या तेरा तासांबद्दल दरवर्षी खूप लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. पण माणसाच्या हृदयाचे काय होणार हे बरेचसे उरलेल्या अकरा तासांत ठरते. इफ्तार ते सहरी या वेळात ताटात काय येते, ओठांत काय धरले जाते, झोप किती मिळते आणि औषधाची गोळी घेतली जाते की विसरली जाते, यावर.

लंडनमध्ये इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी पाच मशिदींतील ८५ रोजेदारांचा रक्तदाब रमजानच्या आधी आणि नंतर मोजला. त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. वरचा रक्तदाब सरासरी सात अंकांनी कमी झालेला आढळला. ज्यांचे वजन फारसे बदलले नाही त्यांच्यातही हा फरक दिसला. सात अंक म्हणजे थोडे वाटतील, पण रक्तदाबाच्या एखाद्या गोळीकडून डॉक्टर जवळपास तेवढीच अपेक्षा ठेवतात. म्हणजे रोजा हृदयाचा वैरी नाही. निरोगी माणसाला तो सोसतो, बहुधा मानवतोही. अडचण सुरू होते ती रोजा सुटल्यावर.

पहिला झुरका

इफ्तारनंतर मगरिबची नमाज होते. नमाज संपवून बाहेर आलेल्यांपैकी काहीजण घराकडे वळतात, काहीजण टपरीकडे. दिवसभर ज्याने सिगारेटला हात लावला नाही, तो पहिला झुरका इतका खोल ओढतो की बघणाऱ्याला ठसका लागावा. कुणी तळहातावर तंबाखू-चुना मळतो. पुणे जिल्ह्यातल्या जुन्या घरांत, मग ती कुठल्याही धर्माची असोत, आजी-मावश्यांची मिश्रीची डबी असते. रमजानात ती डबीही दिवसभर बंद राहते आणि रात्री उघडते.

येथे एक गंमत आहे, आणि ती थोडी दुःखद आहे. सिगारेट थांबवल्यावर शरीरात काय घडते याचे वेळापत्रक डॉक्टरांनी बारकाईने लिहून ठेवले आहे. वीस मिनिटांत नाडीचे ठोके आणि रक्तदाब खाली येऊ लागतो. साधारण बारा तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साईड, म्हणजे धुरातून येणारा आणि प्राणवायूची जागा अडवणारा विषारी वायू, नेहमीच्या पातळीवर येतो. रोजा तेरा तासांचा. म्हणजे सिगारेट ओढणारा रोजेदार दररोज संध्याकाळी, अजान होते त्याच सुमारास, धुरापासून मोकळा झालेल्या रक्तापर्यंत पोहोचलेला असतो. महिनाभर रोज तो तिथवर जातो आणि दहा मिनिटांत परत फिरतो.

पुढचे वेळापत्रकही माहीत असावे असे आहे. सिगारेट वर्षभर बंद राहिली तर हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळपास निम्म्यावर येतो. 'मला सोडवत नाही' असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने रमजानात तीस दिवस, रोज तेरा तास, सोडवते हे स्वतःच सिद्ध केलेले असते. तलफ सर्वात जास्त छळते ती पहिल्या काही दिवसांत, आणि ते दिवस तर रोजांनी आधीच काढून दिलेले असतात. उरतात ते रात्रीचे तास. त्यातही झोप, तरावीह आणि जेवण वजा केले तर तंबाखूशी खरी झुंज तीन-चार तासांची राहते.

ज्यांना वाटते की धूर नाही म्हणजे हृदयाला त्रास नाही, त्यांच्यासाठी एक मोठा अभ्यास आहे. मूळचे केरळचे आणि कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात काम करणारे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत 'इंटरहार्ट' नावाचा अभ्यास झाला. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच अभ्यासातून पुढे दिसले की फक्त चघळण्याची तंबाखू खाणाऱ्यांनाही हृदयविकाराच्या झटक्याचा धोका न खाणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक होता. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते, हे जिन्यांच्या कोपऱ्यांतले लाल डाग सांगतात.

त्याच अभ्यासातला आणखी एक आकडा आपल्या भागातल्या प्रत्येक घराने लक्षात ठेवावा असा आहे. दक्षिण आशियात, म्हणजे भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ या पट्ट्यात, पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो. इतर देशांत तो जवळपास ५९ व्या वर्षी. सहा वर्षे आधी. ५३ हे वय म्हणजे घराचा हप्ता चालू असतो, मुलीचे लग्न ठरायचे असते.

पुण्याने जगाला दाखवलेली गोष्ट

'पण आमच्याकडे कुणी जाडे नाही' असे उत्तर यावर नेहमी येते. ते उत्तर पुण्यातच खोटे ठरले आहे, आणि ती गोष्ट पुणेकरांना पुरेशी माहीत नाही.

रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातील मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. गरोदर स्त्रिया काय खातात, किती कष्ट करतात आणि त्यांची बाळे कशी जन्मतात, हे त्यांच्या चमूने नोंदवले. या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते. तुलनेसाठी इंग्लंडमधल्या साउदम्प्टन शहरातील बाळे घेतली होती, त्यांचे वजन साडेतीन किलोच्या आसपास. आपली बाळे लहानखुरी, हातपाय काडीसारखे. पण त्वचेखालची चरबी मोजली तेव्हा ती वजनाच्या मानाने कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. बारीक दिसणारे, पण आतून चरबी राखून असलेले शरीर. त्याला जगभर 'थिन-फॅट' म्हणजे बारीक-स्थूल असे नाव पडले.

पुढे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ मध्ये चक्क आपले दोघांचे फोटो छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा होता, २२.३. वजनाचा काटा दोघांनाही 'उत्तम' म्हणाला असता. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दुपटीहून अधिक! युडकिन धावण्याचा व्यायाम करणारे होते हेही खरे. पण काटा फसवतो हे सांगायला तो एक फोटो पुरेसा झाला. स्वतःच्याच शरीराचा दाखला असा जगापुढे ठेवणारे डॉक्टर विरळेच.

म्हणून भारतीयांसाठी वजनापेक्षा कंबर अधिक खरे बोलते. बेंबीच्या पातळीवर टेप लावून पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी असा निकष आहे. टेप नसेल तर पायजम्याची नाडी आहे. रमजानच्या पहिल्या दिवशी नाडीला जिथे गाठ बसली तिथे पेनाने खूण करावी आणि ईदच्या सकाळी परत बघावी. अनेकांची खूण आत येण्याऐवजी बाहेर सरकलेली असते. महिनाभर उपाशी राहून!

दस्तरखानावर

मराठीत यासाठी एक म्हण तयारच आहे, 'एकादशी आणि दुप्पट खाशी'. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचे लाडू आणि तुपातले वरीचे तांदूळ खाऊन ज्यांनी आषाढी केली आहे, त्यांना इफ्तारचे ताट समजावून सांगावे लागत नाही. कांदाभजी, समोसे, कबाब, तळलेले पापड, गुलाबी सरबत, फालुदा. कौसरबागेत तर इफ्तारनंतर पाय ठेवायला जागा नसते आणि त्या गर्दीत सर्व धर्मांचे खवय्ये असतात. हौसेने एखाद्या दिवशी जाऊन खाण्याला कुणाची हरकत नसावी. प्रश्न तीस दिवसांचा आहे.

सर्वात वाईट गोष्ट ताटात दिसतही नाही. ती कढईत असते. भज्यांचे तेल सकाळचे, कालचे, कधी परवाचे असते आणि त्यात नवे तेल ओतले जाते. पुन्हापुन्हा तापलेल्या तेलात रक्तवाहिन्यांना घातक घटक तयार होतात. तळणीचे तेल कितपत खराब झाले की ते फेकून द्यायचे याची कायदेशीर मर्यादा देशात २०१८ पासून आहे. वनस्पती तूप आणि तेलातील ट्रान्स फॅटवरही २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे. पण गल्लीतल्या कढईपाशी तपासणीस रोज उभा राहणार नाही. काळे पडलेले, फेस येणारे, उग्र वासाचे तेल दिसले की पुढे जाणे हाच गिऱ्हाइकाच्या हातातला उपाय. घरीही तळणीचे उरलेले तेल जपून ठेवण्याची सवय काटकसरीची वाटते. दवाखान्याच्या बिलाशी तुलना केली तर ती काटकसर नाही.

दुसरी गोष्ट मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट एक चमचा. त्यात भाजीतले, चपातीतले, लोणच्यातले, फरसाणातले, सगळे आले. देशपातळीवरच्या पाहणीत भारतीय माणूस सरासरी आठ ग्रॅम खातो असे दिसले आहे. इफ्तारला फळांच्या चाटवरही चाटमसाला आणि काळे मीठ भुरभुरले जाते. कलिंगडाला मीठ लावून खाणे ही तर आपल्याकडे जणू परंपरा. कलिंगड मिठाशिवायही गोडच लागते, हे एकदा करून बघण्यासारखे आहे.

मार्केट यार्डाच्या इतक्या जवळ राहण्याचा फायदा बिबवेवाडीने घ्यायला हवा. रमजानात फळबाजारात कलिंगड, खरबूज, पपई, अननस, केळी यांची मोठी उलाढाल असते. भुसार बाजाराच्या बाजूला खजुराचे खोके येतात, इराणचा किमिया, इराकचा झाहिदी, सौदीचा अजवा. खजुराने रोजा सोडण्याची प्रथा पैगंबर मुहम्मद (स.) यांच्यापासूनची आहे. त्यात पोटॅशियम आणि तंतू भरपूर असतात आणि थकलेल्या शरीराला साखरही पटकन मिळते. मधुमेह असणाऱ्याने मात्र एक-दोनवर थांबावे, आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच खावे. खजूर, पाणी, फळ इतके झाले की नमाजला उठावे. दहा-पंधरा मिनिटांनी परत बसल्यावर भूक आपोआप माणसात आलेली असते. ही मधली नमाज पोटासाठीही किती सोयीची आहे हे रोजेदारांना सांगायला नको. आणि पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी, एक श्वासासाठी ठेवण्याची शिकवण हदीसमध्ये आहेच. इफ्तारनंतर सोफ्यावर आडवे होऊन धापा टाकणाऱ्या मंडळींनी श्वासाच्या भागावर अतिक्रमण केलेले असते.

सहरीला ज्वारीची भाकरी, डाळ, दही, अंडे असे काही असले तर भूक दुपारपर्यंत शांत राहते. मैद्याचे पाव आणि खारी दहा वाजता पोट रिकामे करतात. मार्केट यार्डात पोती उचलणाऱ्या कष्टकऱ्यांना हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. त्यांच्याच संघटनेने, बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने, 'कष्टाची भाकर' ही स्वस्त जेवणाची केंद्रे चालवली, आणि त्या नावातच सगळे आले. ओझे उचलत रोजा करणाऱ्याची परीक्षा मात्र वेगळी असते. चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत धडधड थांबेना, तर पोते खाली ठेवून सावलीत बसणे आणि गरज पडली तर रोजा सोडणे यात कमीपणा नाही.

गोळी कधी घ्यायची?

या पानावर सर्वाधिक जागा ज्याला द्यायला हवी तो विषय हा. तेलामिठाने होणारे नुकसान वर्षानुवर्षांचे असते, चुकलेल्या गोळीचे कधीकधी आठवड्याभरात दिसते.

समजा, साठीचे एक गृहस्थ आहेत. सहा महिन्यांपूर्वी त्यांना स्टेंट बसवला आहे. दिवसाला पाच गोळ्या आहेत, सकाळी, दुपारी, रात्री. रमजान लागतो. मुलगा म्हणतो, 'अब्बा, या वर्षी रोजे राहू द्या.' अब्बा ऐकत नाहीत. पन्नास वर्षांत त्यांचा रोजा चुकलेला नाही. मग ते एक तडजोड करतात. रोजा ठेवतात आणि सकाळ-दुपारच्या गोळ्या गुपचूप गाळतात. डॉक्टरांना सांगत नाहीत, कारण डॉक्टर रोजाला नाही म्हणतील अशी भीती असते. घरात सांगत नाहीत, कारण घरचे ओरडतील. अशी तडजोड करणारे अनेक घरांत असतात, आणि उपवासाच्या दिवशी बीपीची गोळी 'उपाशीपोटी नको' म्हणून टाळणाऱ्या आजीही शेजारच्या घरात असतात.

स्टेंट बसल्यानंतरच्या पहिल्या वर्षात रक्त पातळ ठेवणारी गोळी अचानक बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. ही गुठळी जिवावर बेतते. रक्तदाबाच्या अनेक गोळ्या दिवसातून एकदाच घ्यायच्या असतात, त्या इफ्तारला घेता येतात. दोन वेळच्या गोळ्या सहरी आणि इफ्तारला बसवता येतात. तीन वेळच्या गोळीऐवजी दिवसातून एकदा घ्यायची दुसरी गोळी बरेचदा मिळते. लघवीची गोळी म्हणून ओळखली जाणारी औषधे शरीरातले पाणी कमी करतात, त्यामुळे त्यांची वेळ आणि मात्रा बदलावी लागते. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन यांचेही तसेच. हे सगळे करता येते, फक्त ते डॉक्टरांनी करायचे असते, रुग्णाने मनाने नाही. रमजानच्या दोन-चार आठवडे आधी चिठ्ठी घेऊन जायचे आणि सरळ विचारायचे, 'मला रोजे करायचे आहेत, वेळापत्रक बसवून द्या.' डॉक्टर कुठल्याही धर्माचे असोत, हा प्रश्न त्यांना नवा नसतो.

काहींना डॉक्टर नाही म्हणतील. गेल्या दीड-दोन महिन्यांत हृदयविकाराचा झटका आलेला असेल, नुकतीच अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेली असेल, बसल्याबसल्या छातीत दुखत असेल, हृदय खूप कमजोर झाल्याने पायांवर सूज आणि श्वासाला धाप असेल, तर रोजा टाळण्याचाच सल्ला मिळतो. आणि इथे धर्म आडवा येत नाही, उलट वाट करून देतो. कुराणातील सूरह बकरामध्ये आजारी माणसाला रोजातून सवलत दिलेली आहे. बरा झाल्यावर ते रोजे भरून काढावेत. बरे होण्यासारखा आजारच नसेल तर प्रत्येक रोजाबद्दल एका गरजूला जेऊ घालावे, त्याला फिदया म्हणतात. अब्बांच्या पन्नास वर्षांच्या नेमात खंड पडत नाही, त्याचे रूप बदलते. घरातल्या तरुणांनी रागावण्यापेक्षा हे शांतपणे सांगितले, किंवा मोहल्ल्यातल्या मौलाना साहेबांकडून सांगवले, तर जास्त पटते.

गैरसमज आणखीही आहेत. रक्त तपासायला दिले तर रोजा तुटतो, जिभेखालची गोळी ठेवली तर तुटतो, असे अनेकजण मानतात. मुस्लिम देशांच्या संघटनेशी संलग्न असलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकारांच्या परिषदेने, १९९७ मध्ये जेद्दाहच्या बैठकीत डॉक्टरांना सोबत घेऊन यावर विचार केला. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी, घशात जाणारा अंश गिळला नाही तर, रोजा तोडत नाही असा निर्णय तिथे झाला. तपासणीसाठी रक्त देणे, इतकेच काय, हृदयाच्या रक्तवाहिन्या बघण्यासाठी किंवा उपचारासाठी नळी घालणे, हेही रोजा तोडणाऱ्या गोष्टींत धरलेले नाही. वेगवेगळ्या मतप्रवाहांचे उलेमा तपशिलात वेगळे मत देऊ शकतात, म्हणून आपल्या मौलानांना विचारावे. पण साखर तपासायला बोट टोचायचे नाही म्हणून चक्कर येईपर्यंत बसून राहण्याचे कारण उरत नाही.

घरातल्या बायकांचा रक्तदाब कोण मोजतो, हाही एक प्रश्न आहे. सहरीसाठी सर्वात आधी उठणारी आणि इफ्तारची भांडी घासून सर्वात शेवटी झोपणारी व्यक्ती बहुधा एकच असते. तिला थकवा आला, दम लागला, तर 'रोजामुळे असेल' असे म्हणून विषय संपतो. स्त्रियांमध्ये आणि मधुमेह असणाऱ्यांमध्ये हृदयविकाराची खूण बरेचदा छातीतली कळ नसतेच. धाप, अचानक आलेला थकवा, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणे अशी ती येते. रक्तदाब मोजायला दोन मिनिटे लागतात. १४०/९० च्या वर तो पुन्हापुन्हा आढळला तर डॉक्टरांकडे जायचे. ज्यांच्या पगारातून ईएसआय कापला जातो त्यांच्यासाठी तर कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे रुग्णालय बिबवेवाडीतच आहे.

'गॅस झाला असेल'

रात्रीचे नऊ. इफ्तार भरपेट झाली आहे. छातीत जळजळते, घाम फुटतो, डाव्या खांद्यात काहीतरी जड वाटते. घरातून सूचना सुरू होतात. सोडा पी, ओवा चाव, जिरे खा, थोडा पड. महाराष्ट्रात हृदयविकाराला जितक्या वेळा 'पित्त' आणि 'गॅस' म्हटले जाते तितके दुसऱ्या कुठल्या आजाराला म्हटले जात नसेल. जड जेवणानंतर हृदयावर ताण वाढतो हे खरे आहे, त्यामुळे रमजानात नेमक्या याच वेळी गफलत होते. फरक घरी बसून कळत नाही, ईसीजीने कळतो. रक्तवाहिनी बंद पडल्यावर हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाने मरत जातो आणि मेलेला परत येत नाही.

छातीवर दाब, घाम आणि धाप असे एकत्र आले आणि पाच-दहा मिनिटांत थांबले नाही, तर १०८ ला फोन करावा. ही रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे. रुग्णाला जिना चालायला लावू नये, दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नये. चोवीस तास अँजिओप्लास्टीची सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते, हे घरातल्या दोघांना तरी आधीच माहीत असावे. ते शोधायचे काम दुखायला लागल्यावरचे नाही. माणूस कोसळला, हाक मारून उत्तर देत नाही, श्वास दिसत नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहायचे, मदत येईपर्यंत. हे एका तासात शिकता येते. गणेश मंडळात आणि मशिदीत, दोन्हीकडे तरुण पोरे संध्याकाळी असतातच.

चालण्याबद्दल थोडेच सांगायला हवे, कारण तळजाई जवळ आहे आणि तिथे जाणाऱ्यांना कुणी सांगावे लागत नाही. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे भरभर चालणे हा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. तरावीहच्या वीस रकातींत शरीर हलते, वाकते, उठते, बसते, ते चांगलेच. पण पाचशे मीटरवरच्या मशिदीला गाडी काढणाऱ्यांचे काय करावे? मशिदीकडे टाकलेल्या प्रत्येक पावलाचे पुण्य हदीसमध्ये सांगितले आहे. गाडीच्या चाकांचा उल्लेख तिथे नाही.

आणि झोप. अमेरिकेतील हृदयरोग संघटनेने २०२२ मध्ये हृदयाच्या आरोग्याच्या यादीत झोपेचा समावेश केला. तरावीहनंतर बाजार, बाजारानंतर मोबाईल आणि चारला सहरी, असे केले तर तीन तासही मिळत नाहीत. तरावीहनंतर सरळ घरी येऊन झोपणे आणि दुपारी वीस-पंचवीस मिनिटे डोळे मिटणे जमले तर दिवस बरा जातो.

ईदच्या दिवशी हा महिना संपतो आणि बिबवेवाडीतल्या जिन्यांवर शीरखुर्म्याची ये-जा सुरू होते. शेजारचे येतात, कामावरचे येतात, मुलांचे मित्र येतात. वरच्या मजल्यावरचे काका दोन वर्षांपासून मधुमेहाच्या गोळ्या घेतात, हे अख्ख्या जिन्याला माहीत असते. दरवर्षी ते म्हणतात, 'भाभी, मला अगदी थोडा.' आणि दरवर्षी आग्रहाने वाटी काठोकाठ भरते. शीरखुर्मा साखर निम्मी घालून, खारीक, बदाम आणि चारोळी वाढवूनही तितकाच चांगला होतो. काकांसाठी तो चहाच्या छोट्या कपात काढून आधीच बाजूला ठेवता येतो, म्हणजे त्यांना नाही म्हणावे लागत नाही आणि भाभींनाही आग्रह आवरावा लागत नाही.